कोल्हापूरहून सकाळी निघून रात्री परत येता येईल असा बेटावरचा शांत समुद्रकिनारा आहे का? सोबत लहान मुलं आणि आईवडील आहेत.

आहे. कदाचित तुम्ही त्याच्या अगदी जवळ जाऊन, न बघताच परतही आला असाल.

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात पश्चिमेच्या तटातून बाहेर पडायला एक लहानशी वाट आहे. तिथून उतरलं की छोटी पुळण लागते, तिला 'राणीची वेळा' म्हणतात. ही राणी म्हणजे आपल्या ताराराणी. त्या इथं समुद्रस्नानाला येत असं सांगतात. किल्ला कुरटे बेटावर बांधलेला, त्यामुळे तुमची बेटाची अटही पुरी होते.

सुट्टीच्या दिवशी किल्ल्यात माणसांची रीघ असते, मग पुळणीवर शांतता कशी? कारण होडीवाले किल्ल्यावर सोडताना 'तासाभरात परत या' म्हणून बजावतात. तो तास दरवाजा, महाराजांच्या हातापायाचे ठसे आणि शिवराजेश्वराच्या मंदिरात संपतो. समुद्राच्या बाजूला फिरकायला कुणाला वेळच उरत नाही. आम्ही होडीत बसतानाच सांगून टाकलं की आम्ही उशिराच्या होडीनं येणार. आधी ठरवलं तर कुणी नाही म्हणत नाही, ऐनवेळी धक्क्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. आणि आत गेल्यावर आधी पुळण गाठली, देवदर्शन परतीच्या वाटेवर.

दुसरी गोष्ट भरतीची. पुळण मुळात एवढीशी, भरतीला पाय ठेवायलाही जागा कमीच उरते. जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास सुकती, म्हणजे ओहोटी. तासभर इकडेतिकडे धरा. कोल्हापूरहून जाणाऱ्याला दुपारची सुकतीच सोयीची, म्हणून सप्तमी ते नवमीतला दिवस बघा, शुक्ल असो की कृष्ण. पौर्णिमा-अमावस्येला मात्र ऐन दुपारी पाणी चढलेलं असतं. आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर बघून सप्तमीचा रविवार धरला, तेव्हा बायको म्हणाली, "लग्नाचा मुहूर्तसुद्धा एवढा बघितला नव्हता."

साडेदहाला पोचलो तेव्हा पुळणीवर आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. ओल्या वाळूत खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी काढून ठेवली होती, प्रत्येक बिळाभोवती किरणांसारखी. पोरगी त्यातल्या एका बिळाशी अर्धा तास उकिडवी बसली. खेकडा वर यायचा, तिची सावली हलली की गडप. पोहायचा विचार आम्ही केला नाही, तुम्हीही करू नका. आजूबाजूला खडक आहेत आणि हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहणं पुरे.

आई बराच वेळ गप्प होती. कोल्हापुरात कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा ती लग्न होऊन आल्यापासून बघतीय, घोडा दोन पायांवर उधळलेला, हातात तलवार. पाण्यात पाय सोडून म्हणाली, "हितं तरी जरा निवांत बसली असंल बाई." औरंगजेबाची फौज मुलखात असताना राजाराम महाराजांमागं राज्य चालवलेली ती बाई. हा किल्लाही पुढं करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीकडेच होता, १८१२ साली इंग्रजांना द्यावा लागला.

चप्पल काढून ठेवा म्हटलं, वडिलांनी मात्र ऐकलं नाही. कापशी, म्हणजे चामड्याची कोल्हापुरी, चप्पल घालूनच पाण्यात. पाणी वाढायला लागल्यावर एका लाटेनं एक चप्पल ओढली, मुलानं पळत जाऊन पकडली. आता वाळून खापरासारखी कडक झालीय. रबरी चप्पल न्या.

रस्त्याचं म्हणाल तर जाताना आम्ही राधानगरी-दाजीपूर-फोंडा घाट-कणकवली-कसाल असे गेलो, दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. पहाटे चारला निघालो, वाटेत चहा-नाष्टा धरून साडेआठला मालवण. दाजीपूरच्या जंगलात अंधारात गवे रस्त्यावर येतात, तिथं गाडी हळूच. गाडी चालवणारे दोघं असतील तरच एका दिवसात करा. एकट्यानं जाऊन-येऊन दोनदा घाट करायचा आणि मध्ये माशाचं ताट हाणायचं, हे मला तरी झेपलं नसतं. परतीला मेहुण्यानं गाडी घेतली, मी कणकवलीच्या आधीच झोपलो.

गर्दीचं वावडं नसेल आणि मुलं मोठी असतील तर देवबागचं सुनामी बेटही आहे, पण तिथं वॉटर स्पोर्ट्सचा गलका असतो. तुम्ही शांत विचारलंय म्हणून ते सुचवत नाही.

पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. दिवाळीनंतर जा.