शेल्टरमधून मोठा कुत्रा आणताय?

पूर्ण वाढलेला, 30-35 किलोचा जर्मन शेफर्ड घ्यायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. पिल्लांना घर मिळतं, हे मोठे मागे राहतात.

आणण्याआधी घरातल्या सगळ्यांना घेऊन दोन-तीनदा शेल्टरवर जा. स्वतः पट्टा धरून फिरवा. त्याने जोरात ओढलं तर घरात कोणाकोणाला सावरता येईल, ते तिथेच कळतं.

नवखे हमखास चुकतात ते पहिल्या आठवड्यात. मीही चुकलो. आणलं त्याच संध्याकाळी शेजारीपाजारी बघायला बोलावले. बिचारा सोफ्यामागे शिरला तो दोन दिवस जेवला नाही. डोक्याकडे हात नेला की डोळे घट्ट मिटायचा. मग आम्ही त्याच्याकडे बघणंही सोडलं, नुसतं खोलीत बसायचो. तिसऱ्या रात्री त्याने माझ्या पावलावर हनुवटी टेकवली. तेव्हा घाई नको, पाहुणे नकोत, लगेच आंघोळही नको.

बाकी थोडक्यात:

- फरशीवर सतरंज्या अंथरा. घसरून कंबर दुखावते, या जातीत तर जास्तच.
- जेवण दिवसातून दोनदा. जेवल्यावर लगेच पळवू नका. मोठ्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडू शकतो, जिवावर बेततं.
- गळ्यात साखळी नको, छातीचा हार्नेस घ्या.
- लसीकरणाचं कार्ड मागून घ्या, रेबीजची तारीख बघा. गोचिडतापासाठी रक्त तपासून घ्या.

ट्रेनिंगचं नंतर बोलू. पहिली रात्र कशी गेली ते मात्र नक्की कळवा.