खनिजशोधाचं सिम्युलेशन: पहिल्या रनला पाणी बंद ठेवा

जमिनीखालून वाहणारं गरम पाणी धातू वाहून नेऊन कुठे साठवत असेल, हे संगणकावर बघायचं तर थेट त्रिमितीय मॉडेलच्या मागे लागू नका. ऑस्ट्रेलियातल्या मॅकआर्थर रिव्हरच्या जस्त-शिशाच्या साठ्याजवळून एमू भ्रंश (खडक जिथे तुटून सरकले ती मोठी भेग) जातो. तसा एकच भ्रंश घेऊन १० किमी रुंद, ५ किमी खोल उभा छेद पुरे. पहिल्या रनमध्ये फक्त उष्णतावहन. पृष्ठभागाला २० अंश सेल्सिअस, तळातून दर चौरस मीटरला ६० मिलिवॅट, खडकाची उष्णतावाहकता २.५ वॅट प्रति मीटर-केल्विन धरली तर तळाशी १४० अंश यायलाच हवेत. नाही आले तर बहुधा एककांत घोळ आहे.

मग पाणी सोडा. खरी गोम पारगम्यतेत, म्हणजे खडकातून पाणी किती सहज वाहतं त्यात असते. खडकाला १० चा उणे १६ वा घात चौरस मीटर, भ्रंशाला त्याच्या शंभरपट, इथून सुरुवात करून दोन्ही आकडे दहादहा पटींनी वरखाली करून बघा. भ्रंशाच्या रुंदीत मॉडेलच्या जाळीच्या निदान चार-पाच चौकटी बसवा, नाहीतर तिथलं तापमान उगाच पसरट दिसतं. पाण्याचा खारेपणा विसरलात तर जड खारं पाणीही सहज वर चढताना दिसेल.

पाण्याच्या नुसत्या वेगाच्या नकाशावरून ड्रिलिंगची जागा ठरवू नका. वाहतं पाणी झपाट्याने थंड कुठे होतं ते काढा, कारण तिथे त्यातले धातू साचू शकतात. शिवाय जस्त-शिशाची ही खनिजं सल्फाइड, म्हणजे धातू आणि गंधकाची संयुगं असतात, त्यामुळे गंधकही लागतं. सेंद्रिय कार्बन असलेल्या थरांत ते गंधक तयार होऊ शकतं आणि मॅकआर्थरचा साठा अशाच गाळाच्या थरांत आहे, म्हणून थरांचा नकाशाही मॉडेलवर ठेवून बघा.