सामानाची राखण

आम्ही समुद्रकाठच्या शहरात राहतो. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दोन. रविवारचा सगळा बेत मीच आखते: अकराला समुद्र, मग मत्स्यालय, दुपारी दीपगृह, संध्याकाळी बाग. तरी शेवट रडारडीतच होतो. मागच्या रविवारी अकराला भरपूर वाळू होती, या रविवारी त्याच वेळी पाणी थेट बांधाला लागलेलं. नशीबच असं. नवरा मुलांना घेऊन पाण्यात जातो, मी तीन पिशव्यांपाशी बसते, कुणीतरी बसायला हवंच. माझ्या मेहनतीची त्याला किंमत नाही. त्याला कसं समजावू?
– दमलेली आई

दमलेल्या आई,

नवऱ्याचं नंतर बघू. मी अडकले ती ‘कुणीतरी बसायला हवंच’ या तीन शब्दांवर. एवढ्या पत्रात समुद्रावर तुम्ही स्वतः काय करता, याला अर्धी ओळ. आणि करता काय, तर पिशव्या राखता!

रागवा हवं तर, पण हे काम नवऱ्याने तुमच्या गळ्यात मारलेलं नाही. चार ठिकाणं म्हणून तीन पिशव्या, तीन पिशव्या म्हणून एक राखणदार. बेत तुमचा, भरणं तुमचं, नेमणूकही तुमचीच.

मला खुपतं ते वेगळंच. तिकडे पाण्यात मोठं माणूस एक आणि पोरं दोन. या वयाची मुलं पाण्यात असली की प्रत्येकाच्या हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस हवं. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातही हलवत नाही. सगळं गुपचूप होतं, मिनिटाच्या आत. दोन वर्षांच्या पोरीला लाटेने पाडायला घोट्याएवढं पाणी पुरतं. नवरा मोठ्याच्या मागे वळला की धाकटी कुणाकडे? तुम्ही तर वीस पावलांवर टॉवेल सांभाळताय.

आता ते नशीब. वाळू गेली ती चंद्रामुळे. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे भरती रोज 50 मिनिटांच्या आसपास उशिरा येते. सात दिवसांत हा उशीर जवळजवळ सहा तासांवर जातो. त्यामुळे या रविवारी अकराला ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी अकराला जवळपास पूर्ण भरती. तुम्ही मिनिटामिनिटाचा कागद केलात आणि समुद्राचंच वेळापत्रक बघायचं राहिलं. ते फोनवर मिळतं.

येत्या रविवारी फक्त समुद्र. मत्स्यालय, दीपगृह, बाग, सगळ्यावर काट. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचायचं, पाणी फिरलं की निघायचं. त्या वेळात घट्ट ओली वाळू मिळते, आणि खडकाळ किनारा असेल तर डबक्यांत खेकडेही. दोन वर्षांच्या पोरीला त्याहून मोठं मत्स्यालय कशाला हवंय? ओहोटी भर दुपारी येत असेल तर तो रविवार सोडा, तापलेल्या वाळूने पाय भाजतात. पुढच्या रविवारी तीच ओहोटी संध्याकाळकडे सरकलेली असेल.

पिशवी एकच, आणि ती चोरीला गेली तरी हळहळ वाटणार नाही अशी. एक टॉवेल, प्यायचं पाणी, दोघांचे कोरडे कपडे. फोन गाडीत कुलपाखाली, किल्ली तुमच्या चेनच्या खिशात. टोप्या आणि पूर्ण बाह्यांचे सदरे मुलं घरूनच घालून येतील. लाल झेंडा दिसला तर पाण्यात कुणीच जायचं नाही, त्या दिवशी वाळूवरच खेळायचं.

लाल झेंडा नसेल तर चपला काढा आणि धाकटीचा हात धरून पाण्यात उतरा. तुमचे कपडे भिजतील, भिजू द्या. पोरांच्या समुद्रावरच्या किती फोटोंत तुम्ही आहात, हे आज रात्री जरा चाळून बघा. मला उत्तर कळवायची गरज नाही.

राहता राहिला नवरा. त्याला समजावायला बसू नका. पाण्यात उभं राहून म्हणा, “ही माझ्याकडे, तो तुझ्याकडे.” पिशवी कुणाकडे असं त्याने विचारलं, तर वाळूकडे बोट दाखवा.