जानेवारीत गोठणारे आम्ल

आपण विचारले आहे की, प्रयोगशाळेतील आम्ले बहुधा द्रवरूप असतात, मग लिंबूसत्त्व पांढऱ्या खड्यांच्या रूपात कसे मिळते, आणि आम्लाची अवस्था तापमानावर अवलंबून असते म्हणजे नेमके काय. मी परभणीत कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. हा प्रश्न दर हिवाळ्यात एका बाटलीच्या रूपाने माझ्यासमोर येतो, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करतो.

ती बाटली ग्लेशियल, म्हणजे जवळजवळ पाणीविरहित ॲसेटिक आम्लाची. त्याचा द्रवणांक सुमारे १६.६ अंश सेल्सिअस आहे आणि आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा अनेकदा दहाच्या खाली उतरतो. कधी सकाळी कपाट उघडावे तर आम्ल द्रवच दिसते, पण बाटली उचलून जरा हलवली की पिसासारखे स्फटिक भराभर पसरतात आणि पाहता पाहता आतले बरेचसे आम्ल घट्ट होते. ते द्रवणांकाच्या खाली जाऊनही द्रव राहिलेले असते, हलवण्याने स्फटिक धरण्यास निमित्त मिळते इतकेच. पाण्याचा बर्फ तरंगतो, मात्र हे आम्ल गोठताना आकसते, त्यामुळे त्याचे स्फटिक तळाशी बसतात. एका वर्षी नव्या साहाय्यकाने ते खराब झाले असे समजून बाटली टाकून द्यायला काढली होती. टोपण किंचित सैल करून ती कोमट पाण्यात ठेवली आणि थोड्या वेळाने आम्ल पूर्वीसारखे नितळ झाले. बर्नरवर मात्र ती कधीही धरू नये, कारण साधारण ३९ अंशांनंतर या आम्लाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते.

म्हणजे ‘हे आम्ल द्रव आहे’ या विधानात खोलीचे तापमान गृहीत धरलेले असते. आम्लाचा द्रवणांक आणि उत्कलनांक यांच्या मधे खोलीचे तापमान पडले, तर ते द्रव दिसते. शुद्ध सल्फ्युरिक आम्ल सुमारे १० अंशांना गोठते, फॉर्मिक आम्ल ८.४ अंशांना, तर नायट्रिक आम्ल उणे ४२ अंशांना, म्हणून ते मराठवाड्यात कुणी गोठलेले पाहणार नाही. उलट शुद्ध फॉस्फरिक आम्लाचा द्रवणांक ४२.४ अंश आहे, तेव्हा हवाबंद बाटलीतले त्याचे स्फटिक हिवाळ्यात स्थायू राहतील आणि मे महिन्यातील एखाद्या तापलेल्या दुपारी वितळतीलही. ड्रिपच्या नळ्या साफ करायला शेतकरी जे पाकासारखे फॉस्फरिक ॲसिड आणतात, ते मात्र पाणी मिसळलेले असते.

हे आकडे इतके वेगळे का, याचे उत्तर रेणूंच्या परस्पर ओढीत आहे. हायड्रोजन क्लोराइडचे रेणू लहान आणि त्यांची ओढ दुबळी, त्यामुळे ते उणे ८५ अंशांनाच उकळते. बाटलीतले हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणजे त्या वायूचे पाण्यातील द्रावण, म्हणूनच संहत आम्लाची बाटली उघडताच धूर येतो आणि उन्हाळ्यात तो अधिक येतो. सायट्रिक आम्लाचा, म्हणजे आपल्या लिंबूसत्त्वाचा, एकेक रेणू शेजारच्या रेणूंशी अनेक हायड्रोजन बंधांनी बांधलेला असतो, म्हणून निर्जल रूपात ते वितळायला सुमारे १५३ अंश लागतात. त्यापुढे तापवले तर ते उकळत नाही, त्याचे विघटन होते. प्रत्येक आम्लाला तिन्ही अवस्था असतातच असे नाही, हे पाठ्यपुस्तकात सहसा ठळकपणे येत नाही, पण विद्यार्थ्यांनी ते जाणून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

पाणी मिसळले की सारा हिशेब बदलतो. घरच्या व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्ल सुमारे ४ ते ५ टक्केच असते, त्यामुळे ते १६ अंशांना गोठत नाही, त्यासाठी शून्याच्याही खाली जावे लागते. चार्ज असलेल्या बॅटरीतील विरल सल्फ्युरिक आम्ल उणे ६० अंशांच्याही खाली टिकते, तर उतरलेल्या बॅटरीतील पाणीदार द्रावण उणे १० अंशांच्या आसपासच गोठू शकते.

अवस्था बदलली तरी पदार्थ तोच राहतो. गोठलेले ॲसेटिक आम्ल वितळल्यावर पहिल्याइतकेच आम्लधर्मी असते. कोरडे लिंबूसत्त्व कोरड्या निळ्या लिटमसवर ठेवले तर कागद निळाच राहतो, आणि त्यावर पाण्याचा एक थेंब पडताच तेवढ्याच जागी तो लाल होतो.