मशीन आलं म्हणून फूड टेक्नॉलॉजी संपलं का?

नमस्कार, पत्र मिळालं. मुलाला बारावीनंतर फूड टेक्नॉलॉजी करायचंय, तुमचं म्हणणं की फॅक्टरीत आता सगळं ऑटोमॅटिक झालंय, तिथे माणसाचं काम उरणार नाही, त्यापेक्षा त्याने कॉम्प्युटर घ्यावं आणि ते त्याला मी पटवून द्यावं. मार्क तुम्ही तीन ठिकाणी लिहिलेत, पण मी अडकलो ते शेवटच्या ओळीपाशी, 'हल्ली घरात फारसा बोलत नाही, अभ्यासाचं टेन्शन असेल'. मला नाही वाटत ते अभ्यासाचं आहे. काहीही बोललं तरी उत्तर आधीच ठरलंय हे कळलं की पोरं बोलणंच सोडतात. त्याला हा विषय का आवडतो याबद्दल पत्रात एक शब्द नाही, म्हणजे तुम्ही विचारलंच नसणार. राग मानू नका, पण पटवायच्या कामात मी तुमच्या बाजूने नाही.

आता ते 'सगळं ऑटोमॅटिक'. दूध पाश्चराईज करायची लाइन घ्या, 72 अंशाला 15 सेकंद दूध होल्डिंग ट्यूबमधून (तापलेलं दूध तेवढा वेळ गरम ठेवणाऱ्या नळीतून) जातं, तापमान कमी पडलं की व्हॉल्व्ह आपोआप फिरतो आणि दूध परत मागे. कोणी हात लावत नाही, बरोबर. पण 72 आणि 15 हे आकडे काही पीएलसीने (मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरने) शोधले नाहीत, जंतू कशाने मरतात याचा अभ्यास करून माणसांनी ठरवलेत. आणि सेन्सरच दोन अंश जास्त दाखवायला लागला तर? स्क्रीनवर सगळं हिरवं आणि नीट न तापलेलं दूध पॅकिंगला. कॅलिब्रेशन (सेन्सर बरोबर दाखवतोय ना याची तपासणी) कधी करायचं, शंका आली तर कुठली बॅच अडवायची, हे ठरवायला दूध कळणारा माणूस लागतो. भरायची, उचलायची कामं कमी होतायत हे खरंय, पण तुमचा मुलगा त्यासाठी शिकत नाहीये.

त्याला फूड टेक्नॉलॉजीच करू दे, फक्त सोबत सेन्सर, पीएलसी, स्काडा (सगळा प्लांट स्क्रीनवर बघायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर) आणि थोडं पायथन हे प्रोग्रॅमिंग शिकायला सांगा, कारण प्रोग्रॅमिंगवाल्याला प्रॉडक्ट कळत नाही आणि प्रॉडक्टवाल्याला स्क्रीनमागचं कळत नाही, दोन्ही कळणाऱ्याची किंमत राहणारच. प्रवेश परीक्षा जी असेल ती देईल, त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

फॉर्म भरायच्या आधी ओळखीतून परवानगी काढून त्याला एखादा प्लांट दाखवा, कंट्रोल रूम आणि लॅब दोन्ही. तुम्हीही जा, पण प्रश्न त्याला विचारू द्या.