डोंगरउतारावरचं घर घ्यावं का?

चिपळूणजवळ तीव्र उतारावर बांधलेलं घर स्वस्तात मिळतंय, घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, जुलैतला मुसळधार पाऊस पडत असताना ते बघितल्याशिवाय विसारही देऊ नका. उन्हाळ्यात कुठलाही उतार शहाणाच दिसतो.

कोकणात बऱ्याच ठिकाणी वर जांभा आणि खाली चिकणमातीसारखा मऊ थर असतो. पाणी मुरून तो थर भिजला की वरचं वजन सरकू लागतं. म्हणून आधी घराच्या मागची बाजू बघा. डोंगर उभा कापलाय का? संरक्षक भिंत फुगलीय का, तिच्यातली पाणी निघायची भोकं बुजलीत का? झाडं, विजेचे खांब खाली कललेत का? जमिनीला नवी भेग दिसली किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर विषय तिथेच सोडा.

माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३. तिन्ही दरडी जुलैतच कोसळल्या.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण नकाशे बघा, बांधकाम परवानगी तपासा आणि भूवैज्ञानिकाला जागेवर न्या. त्याची फी घराच्या किमतीपुढे किरकोळ आहे. आणि हो, घरात म्हातारी माणसं असतील तर रस्त्यापासूनच्या पायऱ्या मोजा.