माझदा आरएक्स-८ घेताना आधी काय बघायचं

या स्पोर्ट्स कारमध्ये पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणारं रोटरी इंजिन असतं, म्हणून रंगाची चमक नंतर बघा. आधी इंजिन पूर्ण गरम करा, बंद करा आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा चालू करा. स्टार्टर बराच वेळ फिरत राहिला, तर ॲपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) झिजून कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) गळतंय असा संशय धरा. ‘स्टार्टर नवाच टाकलाय’ ऐकून खूश होऊ नका. जोरात फिरणारा स्टार्टर हेच दुखणं झाकतो. साधा कॉम्प्रेशन गेज इथे कुचकामी. रोटरी टेस्टरनेच दोन रोटरचे, प्रत्येकी तीन बाजूंचे, मिळून सहा आकडे लेखी घ्या. २५० आरपीएमला एकही आकडा ६.८ बारखाली असेल, तर इंजिन रिबिल्डचा खर्च धरूनच भाव करा. कॉइल-प्लग किरकोळ काम, पण मिसफायर अंगावर काढला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो. ऑइल हे इंजिन मुद्दामच जाळतं. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघा.